आधी परतल्यानंतरचा खर्च, मग प्रवासाचे दिवस

प्रश्न: मी २९ वर्षांची आहे. बेळगावात उद्यमबागमधल्या एका कास्टिंग कंपनीत क्वालिटी विभागात काम करते. हातात ३८ हजार येतात, बेसिक २०,८०० आहे. ऑक्टोबरात नोकरीला पाच वर्षं होतील. वडील वडगावात यंत्रमाग चालवतात, घरी मी महिन्याला १० हजार देते. जूनमध्ये राजीनामा देऊन सहा महिने एकटीनं पाठीवर बॅग घेऊन थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया फिरायचं ठरवलंय. उत्तर व्हिएतनाममधल्या ‘हा जियांग’ भागातला घाटरस्ता मोटारसायकलनं करायचा आहे. खर्च सहा लाख धरलाय. सोसायटीत साडेतीन लाखांची ठेव, म्युच्युअल फंडात २ लाख ४० हजार, पिग्मीत ४५ हजार आणि खात्यात ६० हजार आहेत. ठेवीला व्याज चांगलं आहे, ती मोडवत नाही. म्हणून तीन लाखांचं वैयक्तिक कर्ज काढावं म्हणते. आई म्हणते, "एवढ्या पैशात चार तोळं झालं असतं की." काय करू?

उत्तर: जा. हे आधीच सांगतो, कारण खाली बरीच काटछाट करणार आहे आणि ती वाचताना हा माणूस मला अडवतोय असं वाटायला नको. पाच वर्षं कमावून, घरी हातभार लावून स्वतःच्या पैशानं जग बघायला निघालेल्या मुलीला "सोनं घे" म्हणून गप्प बसवणं मला पटत नाही. पण जून नको, सहा महिने नकोत आणि कर्ज तर अजिबात नको.

कर्जापासून सुरुवात करतो. तीन लाख, १४ टक्के, तीन वर्षं असं धरलं तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,२५० येतो आणि व्याजापोटी ६९ हजार जातात. तरी मला व्याजापेक्षा तारखेची काळजी वाटते. बँक हे कर्ज तुमच्या पगाराच्या स्लिपवर देणार, आणि पहिला हप्ता येईल तेव्हा पगारच नसेल. सहा महिने बाहेर राहिलात तर साठ हजारांहून अधिक रक्कम त्याच कर्जातून हप्ते भरण्यात जाईल. म्हणजे कर्ज काढून कर्ज फेडायचं. परत आल्यावर उरलेले अडीच वर्षांचे हप्ते डोक्यावर असताना मिळेल ती पहिली नोकरी पकडावी लागेल. पगार कितीही कमी असला तरी तुम्हाला नाही म्हणता येणार नाही.

आता जून का नको. ग्रॅच्युइटीसाठी कायम कामगाराची सलग पाच वर्षांची सेवा लागते. हिशेब असा: शेवटचं बेसिक (महागाई भत्ता असल्यास तो धरून) गुणिले १५ भागिले २६, गुणिले वर्षं. तुमच्या बाबतीत वर्षाला १२ हजार, पाच वर्षांचे ६० हजार. जूनमध्ये बाहेर पडलात तर हे पैसे हातचे जातात. शिवाय जून ते सप्टेंबर हा थायलंड, लाओस आणि उत्तर व्हिएतनाममध्ये पावसाळा असतो. हा जियांगच्या रस्त्यावर दरडी येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिकडची हवा कोरडी, गार आणि फिरायला उत्तम. फक्त मध्य व्हिएतनाम याला अपवाद आहे. ह्वे, दा नांग, होई आन या पट्ट्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरात जोराचा पाऊस आणि पूर येतात, त्यामुळे तो भाग जानेवारीवर ढकला. जॉइनिंग लेटरवरची तारीख बघा, त्या दिवसाला पाच वर्षं पूर्ण होऊन वर थोडे दिवस जाऊ द्या आणि मग कागद पुढे करा.

कोणता कागद, हाही प्रश्न आहे. राजीनाम्याआधी तीन महिन्यांची बिनपगारी रजा मागून बघा. उद्यमबागेत मोजमाप, तपासणी, ग्राहकाचं ऑडिट सांभाळणारी अनुभवी माणसं सहज मिळत नाहीत, हे तुमच्या साहेबांनाही ठाऊक आहे. रजा मिळाली तर ग्रॅच्युइटी लगेच हातात येणार नाही, पण सेवा चालू राहील आणि परतल्यावर काम शोधावं लागणार नाही. नकार आला तर राजीनामा द्यायला तुम्ही मोकळ्या आहात. पीएफला मात्र दोन्ही वेळी हात लावायचा नाही, नवीन नोकरीत तो वर्ग करून घ्यायचा.

सोसायटीतल्या ठेवीबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण आपल्या भागात हा विषय कोणी उघडपणे काढत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठेही जा, बाजारपेठेत सोसायट्यांचे बोर्ड दिसतात. पिग्मीवाला रोज दारात येतो, चेअरमन ओळखीचे असतात, बँकेपेक्षा टक्का-दीड टक्का व्याज जास्त मिळतं. माणसं विश्वासानं पैसे ठेवतात आणि बऱ्याच संस्था तो नीट सांभाळतातही. पण बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत पाच लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. हे सहकारी बँकांनाही लागू आहे. पतसंस्था, सौहार्द किंवा मल्टीस्टेट सोसायटीच्या ठेवीला ते नाही. तुमच्या पैशातला जवळपास निम्मा हिस्सा अशा एकाच ठिकाणी आहे. तुम्ही इथे असताना कुजबुज कानावर आली तर दुसऱ्या दिवशी काउंटरवर उभं राहता येतं. लाओसमधल्या लुआंग प्राबांगमध्ये असताना ते जमणार नाही, आणि वडिलांना तुमच्या नावाच्या ठेवीसाठी रांगेत उभं करावं लागेल. म्हणून ही ठेव आत्ताच मोडा. मुदतीआधी काढल्यानं थोडं व्याज कमी मिळेल, मिळू दे. पैसे राष्ट्रीयीकृत किंवा चांगल्या शेड्यूल्ड बँकेत एक लाख, एक लाख, दीड लाख अशा तीन ठेवींत विभागा, म्हणजे गरज पडली तर एकच मोडावी लागेल. पिग्मीही बंद करून तिकडेच वळवा.

आता हिशेब. म्युच्युअल फंडातले २ लाख ४० हजार बाजूला ठेवतो, ते या प्रवासाचे नाहीत. उरले साडेतीन लाख, ४५ हजार आणि ६० हजार, मिळून ४ लाख ५५ हजार. ग्रॅच्युइटीचे ६० हजार आले. ऑक्टोबरपर्यंतच्या चार महिन्यांत १२ हजारांप्रमाणे ४८ हजार साठवता येतील. एकूण ५ लाख ६३ हजार.

यातून प्रवासाला एक रुपया द्यायच्या आधी परतल्यानंतरचा खर्च काढून ठेवायचा. मी तुमच्यासाठी सहा महिने धरतो, घरचे १० हजार आणि तुमचा खर्च मिळून महिन्याला २२ हजार, म्हणजे १ लाख ३२ हजार. तुम्ही बाहेर असताना आणि निघण्या-येण्याच्या धावपळीत घरी द्यायचे चार महिन्यांचे ४० हजार. अचानक परतावं लागलं, घरी कोणी आजारी पडलं, यासाठी एक लाख. आणि आईवडिलांचा आरोग्य विमा, अंदाजे ३५ हजार. कंपनीच्या पॉलिसीत ते दोघं असतील तर तुम्ही नोकरी सोडताच त्यांचं कवच संपतं. आईला बीपी-शुगर असेल तर नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून राजीनाम्याच्या महिनाभर आधी त्याच विमा कंपनीला गट विम्यातून वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज करा. त्यात आधी काढलेला काळ जमेला धरला जातो. वैयक्तिक आरोग्य विम्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही, तेवढा हलका भार. हे सगळं मिळून ३ लाख ७ हजार झाले.

प्रवासाला उरले २ लाख ५६ हजार. हेच तुमचं बजेट. यात विमानाची तिकिटं आणि मुंबई-बेंगळुरूला जाण्या-येण्याचे ४० हजार, व्हिसा १० हजार, प्रवास विमा १२ हजार, चांगली बॅग-बूट-रेनकोट १५ हजार. राहिलेल्या पैशात दिवसाला २,३०० रुपयांनी पंचाहत्तर दिवस निघतात. थायलंडमध्ये थोडे जास्त लागतील, लाओस-व्हिएतनाममध्ये थोडे कमी. एकटी मुलगी म्हणून दोन गोष्टींत काटकसर करू नका. अनोळखी गावात अंधार पडल्यावर पोहोचायचं नाही, मग त्यासाठी आधीच्या मुक्कामी एक रात्र जास्त द्यावी लागली तरी चालेल. आणि डॉर्ममध्ये मन घट्ट होत नसेल त्या रात्री स्वतंत्र खोली घ्यायची. माझ्या आकड्यात अशा दहा-बारा रात्री धरल्या आहेत.

व्हिसा जड नाही. थायलंडनं जुलै २०२४ पासून भारतीयांना व्हिसाशिवाय ६० दिवस दिले, व्हिएतनामचा ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा एका प्रवेशाला २५ डॉलर, कंबोडियाचाही ई-व्हिसा मिळतो. हे नियम बदलत असतात, तिकीट काढायच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळावर पुन्हा बघा. आपल्याला कोगनोळी नाका ओलांडून कागलला जायची सवय, सीमा म्हणजे टोलची रांग. तिकडे तसं धरून चालू नका. थायलंड आणि कंबोडियाच्या सीमेवर २०२५ मध्ये लढाई झाली आणि रस्त्यावरचे नाके बंद झाले. कंबोडियात व्हिएतनामकडून जा आणि तिथून विमानानं परता. तिथल्या अंगकोर मंदिरांचा तीन दिवसांचा पास ६२ डॉलरचा आहे, तो आधीच हिशेबात घ्या.

मोटारसायकलचं ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. आपल्या आरटीओत एक हजार रुपयांत मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारावर आधारलेला आहे. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा परवाना मानतो. गाडी भाड्यानं देणारा दुकानदार काही विचारणार नाही, पण कायद्यानं तुम्ही विनापरवाना चालवत असाल. पोलिसांचा दंड सोसता येईल. अपघात झाला तर मात्र विमा कंपनी वैध परवाना नाही म्हणून दावा नाकारेल, आणि पाय मोडल्यावर हानोईतलं ऑपरेशन आणि मायदेशी आणण्याचा खर्च तुमच्या सगळ्या ठेवी खाऊन जाईल. हा जियांगमध्ये स्थानिक चालक गाडी चालवतो आणि आपण मागे बसायचं, अशी सोय सर्रास मिळते. ती घ्या, त्यासाठी आणखी दोन-तीन दिवसांचे पैसे मोडा. स्वतः चालवायची हौस लाओसमध्ये भागवा, तो १९४९ च्या करारातला देश आहे. परवान्यावर दुचाकीचा वर्ग नोंदलेला आहे ना आणि विम्यात दुचाकी वगळलेली नाही ना, हे निघण्याआधी वाचून घ्या.

परदेशी पैसे पाठवताना आधीच कापला जाणारा कर, म्हणजे टीसीएस, आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर लागतो, तुमचा त्याच्याशी संबंध नाही. नेहमीचं डेबिट-क्रेडिट कार्ड मात्र बाहेर वापरलं की साधारण साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी घेतं. हा जादा आकार (मार्कअप) नसलेलं एक कार्ड आणि दुसऱ्या बँकेचं एक राखीव, अशी दोन न्या, वेगवेगळ्या खिशांत. मशीननं रुपयांत द्यायचं का विचारलं तर स्थानिक चलनच निवडा, रुपयांचा दर नेहमी महाग पडतो.

आईला काय सांगायचं? सोन्याचा वाद घालत बसू नका. परतल्यानंतरचे सहा महिने, घरचे पैसे आणि त्यांचा विमा, हे आकडे कागदावर लिहून दाखवा आणि ठेवींवर नॉमिनी म्हणून त्यांचं नाव घाला. एसआयपी प्रवासाचे तीन महिने थांबवली तर चालेल, मोडू नका. या आठवड्यात सोसायटीत ठेव मोडण्याचा अर्ज द्या आणि त्याची शिक्का मारलेली पोच घ्या. पैसे द्यायला महिन्याभरापेक्षा जास्त टोलवाटोलवी झाली तर मला लगेच कळवा.