कोकणच्या समुद्रात, बेसाल्टच्या खाली

मुंबई हायला तेल लागलं, मग गोव्याच्या दक्षिणेला का नाही? (एक वाचक, वेंगुर्ले)

तुम्ही तर सीमेवरच राहता! तुमच्याच गावाच्या नावाचा वेंगुर्ला आर्च, म्हणजे समुद्रतळाखालचा उंचवटा, मुंबईचं खोरं आणि केरळ-कोकण खोरं वेगळं करतो. १९७४ साली सापडलेल्या मुंबई हायचं तेल मुख्यतः पन्ना शेलमध्ये, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकात, तयार झालं आणि वरच्या मायोसीन काळातल्या चुनखडीत साठलं. हा सगळा व्यवहार डेक्कन ट्रॅपच्या, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या बेसाल्टच्या थरांच्या, वरचा. दक्षिणेकडच्या मोजक्या विहिरींनी व्यापारी साठा दिला नाही, म्हणून नजर ट्रॅपखालच्या मेसोझोइक, म्हणजे डायनासोरांच्या काळातल्या, थरांकडे वळली.

तिथे गाळ आहे हे कशावरून? (रत्नागिरी)

मादागास्कर आपल्यापासून सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी तुटला, ट्रॅपचा लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. जमीन ताणून खचली की खळगे पडतात आणि खळग्यांत गाळ साचतो. कच्छमध्ये ट्रॅपआधीचा गाळ उघड्यावर बघायला मिळतो. कोकणाबाहेर मात्र तो कातळाखाली झाकलेला. तपासणीसाठी आम्ही सोडलेल्या भूकंपलहरींची बरीचशी ऊर्जा बेसाल्ट वरच्यावर परतवतो, उरलेली विखुरतो. म्हणून कमी कंपनसंख्येच्या लहरी, परतणाऱ्या लहरी टिपणारी लांबलचक केबल आणि गुरुत्वमापन अशी जोड द्यावी लागते. तरीही ट्रॅपखालचे थर कुणी बोट ठेवून दाखवले की मी आधी दुसऱ्या पद्धतीचा पुरावा मागतो.

खडकात तेल बनलं की नाही, हे प्रयोगशाळेत कसं कळतं? (पुणे)

विहीर खोदताना आत सोडलेल्या चिखलाबरोबर वर येणारे खडकाचे तुकडे चहाच्या चोथ्यासारखे दिसतात. ते धुऊन, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक निवडावे लागतात. चिखलात लिग्नाइट किंवा डिझेल मिसळलेलं असेल, तर नमुना खोटं बोलतो. याच कंटाळवाण्या पायरीवर चुका होतात.

मग सुमारे १०० मिलिग्रॅम पूड भट्टीत. ३०० अंशांपर्यंत खडकात आधीच मोकळं असलेलं तेल निघतं. पुढे तापमान चढवत नेलं की न शिजलेला सेंद्रिय ऐवज, म्हणजे केरोजेन, फुटतो. तो सर्वाधिक फुटतो ते तापमान ४३५ अंशांखाली असेल तर खडक कच्चा, ४३५ ते ४७० च्या दरम्यान तेलाचा पट्टा. हे भट्टीतलं तापमान. जमिनीखाली तेल साधारण ६० ते १२० अंशांतच बनतं, पण लाखो वर्षं घेऊन. सेंद्रिय कार्बन एक टक्क्याच्या वर असला की आम्ही खुर्चीत सरसावून बसतो. मात्र आज कार्बन कमी दिसला म्हणून खडक निकामी ठरत नाही. कदाचित त्यानं आपलं तेल केव्हाच सोडलं असेल.

माझा खरा प्रश्न इथेच सुरू होतो: सोडलं कधी? तेल निघालं तेव्हा वर झाकण (तेल अडवणारा थर) आणि सापळा (ते साठेल अशी जागा) तयार नसेल, तर ते समुद्रातच गेलं.

लाव्हानं ते जाळून टाकलं नसेल? (सावंतवाडी)

वाहून पसरलेला लाव्हा लवकर निवतो, खाली फार खोल भाजत नाही. थरांत घुसून थिजलेल्या लाव्हाच्या भिंती आणि पट्ट्या, म्हणजे डाईक आणि सिल, यांची भीती जास्त, पण तीही आसपासच्या खडकापुरती.

बेसाल्टमध्येच तेल सापडतं का? (नागपूर)

हो, गुजरातेत पादऱ्याला ट्रॅपच्या भेगांतून तेल निघतं. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांच्या पश्चिमेला २००४ साली सापडलेल्या रोझबँक तेलक्षेत्रात ते लाव्हाच्या थरांमधल्या वाळूखडकात आहे.