वाचकांचे प्रश्न : ग्रीक घड्यांवरचा काळा रंग

प्रश्न : मी मातीकाम शिकते. ग्रीक घड्यांसारखी काळी-लाल चित्रे जमवायचा दोनदा प्रयत्न केला. पहिल्या खेपेला सगळा घडा काळपट राखी निघाला, दुसऱ्या खेपेला सगळाच लाल. काळा रंग कोणता घ्यावा? (एक वाचक, पुणे)

उत्तर : रंग शोधत बसू नका, तिथे वेगळा रंग नाहीच. अथेन्सचे कुंभार लोहयुक्त मातीचा घडा घडवत आणि तशाच मातीची अतिशय बारीक निवळी करून तिने चित्र काढत. काळे आणि लाल एकाच भाजणीत वेगळे होते, ते भट्टीतल्या हवेमुळे.

आधी निवळी. चुन्याची काढतो तशीच, फक्त धीर जास्त हवा. १ किलो कोरडी लाल माती, अडीच लिटर पाणी आणि ५ ग्रॅम सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट (मातीचे कण सुटे ठेवणारे रसायन) एकत्र घुसळा आणि भांडे न हलवता एक दिवस ठेवा. तळाची रेती आणि मधला गाळ सोडून फक्त वरचे गढूळ पाणी नळीने काढून घ्या. ते दाट दुधासारखे होईपर्यंत आटू द्या. माती पोटॅशियम असलेली, इलाइट जातीची हवी. पोटॅशियम आणि कणांचा बारीकपणा यांमुळेच हा थर घड्याच्या मातीआधी वितळू लागतो आणि काचेसारखा मिटतो, म्हणजे त्याची छिद्रे बंद होतात. आपली काळी रेगूर माती इथे चालत नाही, सुकताना फार आकसते आणि थर तडकतो. निवळी लावायची ती घडा अर्धवट सुकून चामड्यासारखा कडक झाल्यावर.

आता भाजणी, तीन टप्प्यांत. साधारण ८०० अंश सेल्सिअसपर्यंत हवा खेळती ठेवा, सगळे लाल होईल. मग हवा बंद करून ओले लाकूड किंवा ओला भुसा टाका आणि धूर कोंडून ९५० च्या आसपास न्या. प्राणवायू मिळत नाही म्हणून कार्बन मोनॉक्साइड लोहाच्या लाल ऑक्साइडमधला प्राणवायू ओढून घेतो आणि घडा व थर दोन्ही काळे पडतात. याच वेळी थर मिटतो. मग धूर तसाच ठेवून तापमान ८७५ च्या आसपास उतरू द्या आणि हवेची वाट उघडा. सच्छिद्र घड्यात हवा शिरते, तो परत लाल होतो. मिटलेल्या थरात ती शिरू शकत नाही, म्हणून तो काळाच राहतो.

तुमच्या पहिल्या खेपेला तिसरा टप्पा झाला नसावा, किंवा हवा फार उशिरा, भट्टी निवल्यावर मिळाली असावी. दुसऱ्या खेपेचे कारण थरच सांगेल. त्यावर पाण्याचा थेंब ठेवा. थेंब शोषला गेला तर थर मिटलाच नव्हता, निवळीचे कण जाड होते किंवा आच कमी पडली. थर लाल असूनही चकाकत असेल, तर तो धूर कोंडण्याआधीच मिटला. भांडी एकमेकांना खेटून ठेवू नका. खेटलेल्या जागी धूर पोचत नाही आणि तांबूस डाग राहतो. असे डाग खुद्द अथेन्सच्या भांड्यांवरही दिसतात. आणि हे विजेच्या भट्टीत करू नका, धुराने तिच्या तारा खराब होतात. गॅसची किंवा लाकडाची भट्टी घ्या.

प्रश्न : ग्रीक घड्यांवर आधी काळ्या आकृती, मग लाल. हा बदल का झाला? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : काळ्या आकृतीची पद्धत कॉरिंथ या ग्रीक शहरात इ.स.पू. ७०० च्या सुमारास सुरू झाली. तिच्यात आकृती निवळीने भरून, आतले तपशील टोकदार सुईने कोरून काढत. सुईची रेघ सगळीकडे सारखीच बारीक आणि कडक येते. अथेन्सचा चित्रकार एक्सेकियास याने सोंगट्या खेळणाऱ्या अकिलीस आणि अजॅक्स या ट्रॉयच्या युद्धातल्या वीरांच्या झग्यांवरची नक्षी अशीच कोरली आहे, आणि कोरीव कामाची त्याहून वरची पायरी दाखवणे अवघड आहे. पण वळलेली पाठ, ताणलेला स्नायू सुईच्या आवाक्यात येत नाही.

इ.स.पू. ५२५ च्या सुमारास अथेन्समध्ये हिशेब उलटला. आकृतीच्या कडेने निवळीचा काही मिलिमीटर रुंद पट्टा ओढायचा, बाहेरची पार्श्वभूमी भरून टाकायची आणि आकृती कोरी ठेवायची. आतल्या मुख्य रेघा दाट निवळीच्या, किंचित उठावदार. घडा उजेडात तिरका धरला की त्या लगेच ओळखता येतात. पातळ निवळी भाजल्यावर मधासारखी तपकिरी होते, ती पोटाच्या स्नायूंना आणि केसांना. आता रेघ कुंचल्याची झाली, जाड-बारीक होऊ लागली. युथिमिडीसने म्युनिकमधल्या घड्यावर पाठ वळवून नाचणारा माणूस काढला आणि शेजारी लिहिले, ‘युफ्रोनियसला असे कधी जमले नाही’. युफ्रोनियस त्याचाच समकालीन चित्रकार. ती पाठ पाहिली की हा अभिमान पटतो.

प्रश्न : मग त्याच काळातले दगडी पुतळे इतके ताठ का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : शिल्पकार ठोकळ्याच्या चारही बाजूंवर आकृती आखून आत कोरत जाई, म्हणून पुतळा चार बाजूंनी पाहायचा झाला. शिवाय संगमरवर वजन पेलतो, ताण सोसत नाही. सुटा हात मोडतो. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातला सुमारे इ.स.पू. ५९० चा कूरोस, म्हणजे उभा नग्न तरुण, पाहा : डावा पाय पुढे, पण भार दोन्ही पायांवर सारखा आणि मुठी मांड्यांना चिकटलेल्या.

इ.स.पू. ४८० च्या सुमाराच्या ‘क्रिटियोसचा मुलगा’ या, क्रिटियोस नावाच्या शिल्पकारावरून ओळखल्या जाणाऱ्या पुतळ्यात भार डाव्या पायावर गेला, उजवा गुडघा सैल झाला, डावा कटिभाग वर उचलला आणि मान जराशी वळली. घड्यांवर शरीर वळू लागल्याला तेव्हा पंचवीस-तीस वर्षे झाली होती. पुढे हात मोकळे झाले ते कांस्यामुळे. मेणाच्या नमुन्यावरून पोकळ ओतकाम, आपल्याकडचे मधूच्छिष्टविधान, या पद्धतीने पसरलेला हातही टिकतो. शिल्पकार पॉलिक्लिटसचा ‘भालाधारी’ हा पुतळा मुळात कांस्याचा होता. नेपल्समध्ये आहे ती त्याची रोमन काळातली संगमरवरी प्रत. तिच्या पायामागे झाडाचा बुंधा दिसतो. दगडात घोटे एकटे भार पेलत नाहीत, म्हणून तो प्रत करताना जोडलेला आहे.