खिडक्या बदलताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या लाकडी खिडक्या पंचवीस वर्षं जुन्या आहेत. पावसाळ्यात झडपा अडकतात, दोन चौकटी खालून कुजल्या आहेत. सगळ्या काढून यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) लावावं की ॲल्युमिनियम?

उत्तर : सगळ्या काढायची गरज आहे का, ते आधी पाहा. चौकटीच्या खालच्या आडव्या लाकडात आणि कोपऱ्यांत टोच्या दाबा. तो पाच-सहा मिलिमीटर सहज आत शिरला, तर ती चौकट गेली. बाकीच्या झडपा नुसत्या अडकत असतील, तर त्या उतरवून खालची कड बघा. तिथे बहुधा रंगच लागलेला नसतो आणि उभ्या लाकडाची उघडी टोकं पाणी शोषतात. झडप पूर्ण सुकवून रंधा मारावा, वरच्या-खालच्या कडांना प्रायमर आणि रंगाचे दोन हात द्यावेत. धडधाकट चौकटी उगाच फोडू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बदलायच्याच असतील तर उन्हाच्या बाजूला यूपीव्हीसी बरं. ॲल्युमिनियम त्याच्यापेक्षा शेकडो पटींनी जास्त उष्णता वाहून नेतं, त्यामुळे साधी चौकट आतूनही तापते. ॲल्युमिनियमच हवं असेल, तर बाहेरची आणि आतली बाजू पॉलिअमाइडच्या पट्टीने वेगळी केलेली, म्हणजे थर्मल ब्रेकची चौकट घ्या. मोठ्या रुंदीला मात्र ॲल्युमिनियम सरस, कारण कमी जाडीतही ते ताठ राहतं. यूपीव्हीसीच्या पोकळीत जस्त चढवलेली लोखंडी पट्टी नसेल, तर मोठी झडप हळूहळू खाली बसते आणि कडी जुळेनाशी होते. ऑर्डर देण्याआधी प्रोफाइलचा, म्हणजे चौकटीच्या पोकळ पट्टीचा, कापलेला तुकडा मागून घ्या. माल आल्यावर चुंबक लावून पाहा. आत लोखंड असेल तर ओढ जाणवते.

प्रश्न : सरकती खिडकी घ्यावी की बिजागरीची?

उत्तर : दोन झडपांची सरकती खिडकी अर्धीच उघडते, वाऱ्याचा हिशेब त्यावर करा. तिच्या झडपा ब्रशच्या पट्टीला घासत सरकतात, म्हणून थोडी हवा आणि आवाज आत येणारच. बिजागरीची झडप रबरावर दाबून बंद होते. पाऊस, धूळ, आवाज, तिन्हींसाठी ती चांगली. फक्त ती बाहेर उघडणार असेल तर ग्रिल आणि जाळी कुठे येणार, हे कागदावर काढून बघा. हे हमखास विसरलं जातं आणि मग झडप ग्रिलवर आदळते.

प्रश्न : घर रहदारीच्या रस्त्यावर आहे. दुहेरी काच लावली की आवाज थांबतो म्हणतात, खरं का?

उत्तर : कमी होतो, थांबत नाही. आणि दुहेरी तावदानाचं मुख्य काम उष्णता अडवणं हे आहे. दोन्ही काचा ५ मिमीच्या असतील तर त्या एकाच सुरात थरथरतात आणि इंजिनांची खोल घरघर बऱ्यापैकी आत येते. दोन्ही काचांची जाडी वेगळी ठेवा आणि एक लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये पापुद्रा घालून चिकटवलेल्या दोन काचांची, घ्या. उदाहरणार्थ, एका बाजूला ६ मिमी, मध्ये १२ मिमी पोकळी, दुसऱ्या बाजूला ४ अधिक ४ मिमी लॅमिनेटेड. पण त्याआधी फटी! खिडकीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जरी फट राहिली, तरी आवाजातली घट २० डेसिबलच्या आसपास अडकते, मग काच कितीही जाड असो.

ऊन अडवणारा लो-ई लेप घेणार असाल, तर तो बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला हवा. तावदानासमोर लायटर धरा. ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतील, त्यांतलं वेगळ्या रंगाचं प्रतिबिंब लेपाचं. बाहेरून दुसरं तेच असलं पाहिजे.

टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली, काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, त्यामुळे मापातली चूक म्हणजे नवीन काच. उंच मजल्यावर लॅमिनेटेड अधिक सुरक्षित, कारण फुटली तरी तुकडे मधल्या पापुद्र्याला चिकटून राहतात.

प्रश्न : माप कसं घ्यावं?

उत्तर : जुनी चौकट गिलाव्याखाली दडलेली असते, म्हणून एका जागी गिलावा खरवडून तिची खरी कड शोधा. मग भिंतीतल्या भोकाची रुंदी वर, मध्ये, खाली आणि उंची डावीकडे, मध्ये, उजवीकडे अशी मोजा. प्रत्येकी सर्वांत कमी आकडा घेऊन त्यातून एकूण १० मिमी वजा करा. दोन्ही कर्णही मोजा. फरक १० मिमीहून जास्त निघाला तर आधी भोकाचा काटकोन सुधारून घ्या. वाकड्या भोकात चौकट ठोकून बसवली की झडप आयुष्यभर अडकते.

प्रश्न : नव्या सरकत्या खिडकीतून पहिल्याच पावसात खालून पाणी आलं. मिस्त्री म्हणतो, आणखी सिलिकॉन मारू.

उत्तर : थांबवा त्याला. खालच्या रुळात बाहेरच्या बाजूला निचऱ्याची भोकं असतात आणि नेमकी तीच सिमेंटने किंवा सिलिकॉनने बुजवली जातात. रुळात मगभर पाणी ओता, ते बाहेर वाहून गेलं पाहिजे. भोकं मोकळी असूनही पाणी आत येत असेल, तर रुळाच्या तळातून भिंतीत स्क्रू मारलेत का ते पाहा. मारले असतील तर त्यांची डोकी सीलंटने झाकावी लागतील. पकडीचे स्क्रू कोपऱ्यापासून साधारण १५० मिमीवर आणि एकमेकांपासून जास्तीत जास्त ६०० मिमीवर असावेत.

यातलं काही सापडलं नाही तर बाहेरून पाइपने पाणी मारा, पण खालून वर. आधी फक्त खालच्या सांध्यावर पाच-दहा मिनिटं, मग बाजू, शेवटी वरची कड. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि जागा कळत नाही. खिडकीखालच्या बाहेरच्या पट्टीचा उतार घराकडे असेल तर तो आधी सुधारा, सीलंट त्यापुढे टिकत नाही. भिंतीच्या सांध्यात नुसता फोम भरला असेल तर तोही उन्हाने भुगा होतो. फोम कापून मागे घ्या, धूळ झाडा, फोमची गोल दोरी भरा आणि त्यावर न्यूट्रल सिलिकॉन द्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन दुहेरी तावदानाजवळ नको, ते काचांच्या कडेचं सील खराब करू शकतं.

प्रश्न : दुहेरी तावदानाच्या दोन काचांमध्ये वाफ दिसते, कशी पुसायची?

उत्तर : पुसता येणार नाही. कडेचं सील गेलंय आणि आतली ओलावा शोषणारी पूड भरून गेली आहे. चौकट तशीच ठेवून फक्त ते तावदान बदलता येतं. वॉरंटीचा कागद असेल तर आधी तो काढा.