डिझाइन केलं म्हणजे रिसर्च झाला का?

प्रश्न : मेकॅनिकलमधून मास्टर्स झालंय, आता डिझाइन इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करायचीय. कॅड (कॉम्प्युटरवर डिझाइन काढणं), ॲनालिसिस बऱ्यापैकी जमतं. इंटरव्ह्यूत मी म्हटलं की नव्या प्रकारची व्हीलचेअर डिझाइन करणार, तर पॅनलवरचे एक सर म्हणाले, हा प्रोजेक्ट झाला, यात रिसर्च कुठाय? नवीन वस्तू बनवणं हा रिसर्च नाही का?

उत्तर : सरांचं बोलणं झोंबलं असणार, पण प्रश्न रास्त आहे हो. व्हीलचेअर झकास झाली तर ती वापरणाऱ्याचं भलं होईल, पण दुसरं काहीतरी डिझाइन करणाऱ्याच्या हाती त्यातून काय लागलं? ते सांगता आलं की रिसर्च, नाहीतर मग चांगला प्रोजेक्ट, आणि त्यातही कमीपणा काही नाही.

एक उदाहरण सांगते. १९९१ मध्ये जॅन्सन आणि स्मिथ या दोघांनी एक अभ्यास छापला. त्यात न सांडणारा कॉफीचा कप डिझाइन करायला दिला होता, काही जणांना नुसता प्रश्न आणि काही जणांना सोबत एक नमुना चित्रही. नमुन्यात स्ट्रॉ होता आणि सूचनेत स्ट्रॉ वापरू नका असं स्पष्ट लिहिलेलं, तरी चित्र बघितलेल्यांच्या डिझाइनमध्ये स्ट्रॉ जास्त वेळा आलाच! आणि नुसते विद्यार्थीच नाही, दुसऱ्या एका प्रॉब्लेमवर नोकरी करणारे इंजिनिअरसुद्धा असेच अडकले. याला डिझाइन फिक्सेशन म्हणतात. आता बघा, यात कप कोणालाच नको होता, डोकं कुठे अडकतं ते हवं होतं, आणि ते पंप डिझाइन करणाऱ्यालाही उपयोगी पडतं.

डिझायनरचं डोकं कसं चालतं हे बघणाऱ्या काही अभ्यासांत काम मात्र किचकट असतं. डिझायनरला मोठ्याने बोलत विचार करायला लावायचं, व्हिडिओ घ्यायचा, मग एकेक वाक्य उतरवून काढायचं आणि हे गरज समजून घेणं, ही नवी कल्पना, हे तपासणं असे कोड, म्हणजे लेबलं, लावायचे, तेही दोन जणांनी वेगवेगळे, म्हणजे दोघांचं कितपत जुळतं ते कळतं. तासाभराच्या रेकॉर्डिंगला कितीतरी दिवस जातात, आणि माणसांवर प्रयोग म्हटला की एथिक्स कमिटीची परवानगी आलीच, ती पहिल्या वर्षातच मागा.

माणसांच्या भानगडीत पडायचं नसेल तर पद्धत शोधणं हाही रस्ता आहे आणि तुमचं ॲनालिसिस तिथे कामी येईल. १९८८ मध्ये बेंडसो आणि किकुची यांनी मटेरियल कुठे ठेवायचं नि कुठून काढायचं हे गणितानेच ठरवायची रीत मांडली, आजची टोपोलॉजी ऑप्टिमायझेशनची सॉफ्टवेअर्स त्याच वाटेने आलीत.

व्हीलचेअर सोडू नका, फक्त तिच्याभोवती प्रश्न बांधा. उदाहरणार्थ, रोज व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती अगदी पहिल्या स्केचपासून टीममध्ये बसली तर गरजांची यादी बदलते का, बदलते तर नेमकं काय बदलतं? मग एक टीम तशी, एक टीम नेहमीसारखी, ब्रीफ, म्हणजे काय बनवायचं त्याची सूचना, दोघांना तीच, आणि निकाल कशाने मोजणार ते आधी कागदावर, नाहीतर शेवटी सोयीचं तेवढंच मोजलं जातं. मी तर म्हणेन पुढच्या इंटरव्ह्यूला रेंडरिंग, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेलं व्हीलचेअरचं चकचकीत चित्र, नेऊच नका, हा प्रश्न आणि मोजायची रीत असं एक पान न्या.