कोडच्या शंभरावर फाइलींमध्ये एक नाव बदलायचं आहे. 'रिप्लेस ऑल' वापरू की हाताने बदलू?

तुमच्या प्रश्नाचं शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. "आमचे सीनियर म्हणतात, रिप्लेस ऑल धोक्याचं असतं, एकेक जागा हातानेच बदल." अगदी हेच मला आमच्या सीनियरनी सहा वर्षांपूर्वी सुनावलं होतं आणि तेव्हा मी गप्प बसले होते.

आधी उत्तर: 'रिप्लेस ऑल', म्हणजे सगळीकडचा शब्द एकदम बदलण्याची सोय, वापरा. व्हीएस कोड या एडिटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एच तुम्हाला माहीत असणारच. हाताने बदलत बसू नका.

आता माझं सांगते. आमच्या बिलिंगच्या कोडमध्ये 'रेट' हे एकच नाव दोन गोष्टींना वापरलं जायचं, व्याजाच्या दराला आणि आकारलेल्या शुल्काला. गोंधळ व्हायचा, म्हणून शुल्काच्या मोड्यूलमध्ये त्याचं 'फी' करायचं ठरलं. काम माझ्याकडे आलं. नोकरीला चार महिने झाले होते. मी वर 'रेट' लिहिलं, खाली 'फी' लिहिलं आणि सगळं बदलून टाकलं. होल वर्डचं, म्हणजे फक्त पूर्ण शब्दच शोधण्याचं, बटण दाबलं नव्हतं. हा 'रेट' कुठेकुठे दडलेला असतो बघा: जनरेट, ऑपरेट, सेपरेट, इटरेट. 'जनरेट इनव्हॉइस'चं 'जनफी इनव्हॉइस' झालं. पण यात नुकसान काहीच झालं नाही. लायब्ररीतली फंक्शनं सापडेनात, बिल्ड (कोडमधून प्रोग्राम तयार होणं) तिथल्या तिथे फुटला. मी गिटने (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनाने) सगळं मागे घेतलं, होल वर्ड आणि मॅच केस (लहान-मोठी अक्षरं जुळवणं) लावून पुन्हा केलं. बिल्ड झाला, टेस्ट हिरव्या, म्हणजे पास.

खरी चूक या हिरव्या टेस्टमध्ये होती. शुल्काचा आकडा बाहेरच्या एका सेवेकडून जेसनमध्ये (नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या मजकुरात) यायचा आणि त्या जेसनमधल्या कीचं, म्हणजे जोडीतल्या नावाचं, रूपही 'रेट'च होतं. ती सेवा आमच्या हातातली नव्हती. मी आमच्या कोडमधली अवतरणातली ती की बदलली, आणि टेस्टसाठी ठेवलेल्या नमुना फाइलीतलीही त्याच फटक्यात बदलली गेली. कोड 'फी' मागत होता, नमुना 'फी' देत होता, टेस्ट खूश. बाहेरची सेवा मात्र 'रेट'च पाठवत राहिली. वर कोडमध्ये एक जुनी ओळ होती: की सापडली नाही तर शून्य धरा. दोन दिवस सगळी बिलं शून्य शुल्काने गेली.

मग मीटिंग झाली आणि नियम निघाला, रिप्लेस ऑल बंद. पुढचं नामांतर मी हाताने केलं. दोनशेच्या वर जागा, दीड दिवस. तीन जागा सुटल्या आणि एके ठिकाणी स्पेलिंग चुकलं. ते एकेक करून पुढच्या काही आठवड्यांत सापडलं. तेव्हा कुणी म्हणालं नाही की हाताने बदलणं धोक्याचं असतं.

मला तेव्हा जे बोलायचं होतं ते हे: बदल एका नियमाने केला तर तो नियम तपासता येतो. दोनशे जागा हाताने बदलल्या की त्या दोनशे वेगवेगळ्या कृती होतात आणि प्रत्येकीत चुकायची सोय असते. मी नव्वद फाइलींचा डिफ (काय काय बदललं ते दाखवणारी यादी) न वाचता पुढे पाठवला, ही माझी चूक, आणि ती मी मान्य केली होती. पण तो डिफ मंजूर करणारे तेच सीनियर होते. ती शून्याची ओळही त्यांचीच. हे मीटिंगमध्ये कुणीच काढलं नाही, मीही नाही.

तर आता मी काय करते. आधी सगळं कमिट करते, म्हणजे गिटमध्ये नोंदवते, अर्धवट बदल उरू देत नाही. मग बदलण्याआधी नुसतं शोधते आणि आकडा लिहून ठेवते: इतक्या फाइलींत इतक्या जागा. निकालांची डावीकडची यादी अर्धवट नजरेने नाही, फाइल उघडून वाचते. ज्या जागा अवतरणात आहेत त्या वेगळ्या काढते, कारण अवतरणातलं नाव बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाशी केलेला करार असतो: डेटाबेसचा कॉलम, एपीआयची (दुसऱ्या प्रोग्रामशी बोलण्याच्या मार्गाची) की, कॉन्फिग म्हणजे सेटिंगची फाइल. टेस्टच्या नमुना फाइली 'फाइल्स टू एक्सक्लूड'मध्ये, म्हणजे वगळायच्या फाइलींच्या रकान्यात, टाकते. त्या कोडबरोबर कधीच बदलायच्या नाहीत. मग बदल करते आणि जुनं नाव पुन्हा शोधते. मुद्दाम ठेवलेल्या जागांइतकाच आकडा उरायला हवा. या कमिटमध्ये दुसरं काहीही नसतं आणि संदेशात वापरलेला पॅटर्न जसाच्या तसा लिहिलेला असतो. रिव्ह्यू करणाऱ्याला मग नव्वद फाइली नाहीत, एक नियम तपासायचा असतो. तरी डिफ बघायचा असेल तर गिट डिफला वर्ड-डिफचा पर्याय लावा, म्हणजे ओळभर लाल-हिरवं न दिसता नेमका शब्द दिसतो.

होल वर्डवर डोळे मिटून विसंबू नका. अंडरस्कोर हा शब्दाचाच भाग धरला जातो, त्यामुळे 'बेस_रेट' त्यात सापडत नाही. अशा वेळी रेगेक्स (नमुन्याने शोधण्याची पद्धत) लावून जो भाग टिकवायचा तो कंसात पकडायचा आणि बदलाच्या चौकटीत डॉलर एक लिहून तो भाग परत आणायचा. आणि व्हेरिएबलचं किंवा फंक्शनचंच नाव असेल तर एफ२ दाबा. ते भाषेचा अर्थ समजून बदलतं, 'जनरेट'ला हात लावत नाही. मात्र अवतरणातलं आणि एसक्यूएलमधलं (डेटाबेसच्या भाषेतलं) तसंच ठेवतं, ते तुम्हालाच बघावं लागतं.

विचारून बदलण्याची सोयही नवी नाही. व्हिम या जुन्या एडिटरमध्ये बदलाच्या आज्ञेला शेवटी 'जी' आणि 'सी' लावलं की प्रत्येक जागी थांबून होय-नाही विचारतं. ग्रेप या शोधण्याच्या आज्ञेचं नावच मुळी जुन्या 'एड' एडिटरच्या शोधून छापण्याच्या आज्ञेवरून आलं. अर्ध्या शतकाहून जास्त काळ प्रोग्रामर अशीच नावं बदलत आलेत. तुमच्या सीनियरना हे जरूर सांगा.

राहिलेल्या दोन गोष्टी. सेटिंग बदललं नसेल तर व्हीएस कोड गिटइग्नोरमधल्या (गिटने दुर्लक्ष करायच्या यादीतल्या) फाइलींत शोधतच नाही, त्यामुळे 'शून्य निकाल' दिसला म्हणजे तो शब्द कुठेच नाही असं धरू नका. आणि कोडमध्ये मराठी मजकूर असेल तर 'दुसऱ्या'सारखे शब्द दोनदा शोधा. त्यातला 'ऱ्य' कुणी नुक्त्याच्या ऱ ने टाइप करतं, कुणी अदृश्य जोडअक्षर घालून. पडद्यावर सारखंच दिसतं, शोधताना मात्र एकच सापडतं. आमच्या एरर-संदेशांत याने मला एकदा पुरता अर्धा दिवस घालवायला लावला होता.

तुमच्या नावात अवतरणातल्या जागा किती आहेत ते मोजून इथे लिहा. दहा-वीस असतील तर तेवढ्याच हाताने करा, बाकी सगळं एका फटक्यात.