खासगी फिर्यादींमुळे फौजदारी कोर्टं तुंबतात का?

तुम्ही विचारलंय की, पोलिसांकडे न जाता लोक थेट कोर्टात फिर्याद करायला लागले तर फौजदारी कोर्टांवर भार पडत नाही का? पडतो, पण सगळ्याच फिर्यादींचा नाही.

मी कोल्हापुरात कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात वकिली करतो. मारहाण, बदनामी, फसवणुकीच्या खासगी फिर्यादींना चाळणी आहे. न्यायदंडाधिकारी आधी फिर्याद करणाऱ्याचा शपथेवर जबाब घेतात, दम नसला की फिर्याद तिथंच फेटाळतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम २२३ प्रमाणे दखल घेण्याआधी आरोपीलाही म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते.

खरा ढीग निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ चा, म्हणजे चेक न वटल्याच्या केसेसचा. यात पोलीस तपास नसतो, ज्याच्या नावाचा चेक त्यानंच फिर्याद करायची. २०१९ च्या अखेरीस देशात २.३१ कोटी फौजदारी खटले प्रलंबित होते आणि त्यातले ३५.१६ लाख हेच होते.

म्हणून काही जण म्हणतात, हा गुन्हाच रद्द करा. मला ते अजिबात पटत नाही. उद्यमनगरातला माझा एक पक्षकार लेथवर जॉबवर्क करतो. चेक, तो न वटल्याचा बँकेचा मेमो, नोटिशीची पोचपावती असं सगळं त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत नीट जपलेलं, कागदांच्या कडांना ऑइलचे डाग. मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, मग १५ दिवसांची वाट, त्यापुढच्या महिनाभरात फिर्याद, एकही मुदत चुकली नाही. आणि समन्स परत आलं, शेरा: ‘सदर पत्त्यावर राहत नाही’. नवा पत्ता त्यानंच हुडकला. पुन्हा समन्स, मग वॉरंट. दर तारखेला बिचारा मशीन बंद ठेवून पुकाऱ्याची वाट बघत बाकावर बसायचा. तिसऱ्या वर्षी आरोपी हजर झाला आणि पुढच्या दोन तारखांत तडजोड होऊन पैसे मिळाले. कायदा सहा महिन्यांत निकालाचा प्रयत्न करा म्हणतो, इथं दोनाहून जास्त वर्षं नुसत्या समन्स-वॉरंटात गेली.

तेव्हा भार फिर्यादीचा कमी, समन्स बजावणीचा जास्त. तुमची अशी केस असेल तर फिर्यादीतच आरोपीचा मोबाइल नंबर आणि ईमेल द्या, दस्ती समन्स, म्हणजे फिर्याद करणाऱ्यानं स्वतः नेऊन बजावायचं समन्स, मागा. आरोपीनं गुन्हा नाकारला की त्याच कायद्याच्या कलम १४३अ खाली अंतरिम भरपाईचा अर्ज टाका, चेकच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम कोर्ट देववू शकतं.