फक्त क्रिकेट माहीत असलेल्या माणसाने अमेरिकेत आल्यावर व्यावसायिक बेसबॉल कसा समजून घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की गेल्या महिन्यात पुण्याहून नोकरीसाठी बॉस्टनला आलात, ऑफिसात सकाळी सगळ्यांच्या तोंडी रेड सॉक्स, म्हणजे इथला बेसबॉल संघ, असतो, टीव्हीवर दोन सामने नेटाने पाहिलेत पण ‘तासभर काही घडतच नाही’ असं वाटलं, आणि क्रिकेटच्या जोरावर हा खेळ कितपत कळेल असं विचारलंय. मी बरीच वर्षं याच शहराजवळ राहतो आणि एप्रिल ते ऑक्टोबर आमच्या घरी संध्याकाळी बेसबॉलच लागलेला असतो, तेव्हा जरा ऐसपैस लिहितो.

क्रिकेटचा उपयोग नक्की होईल, फक्त एक गोष्ट उलटी करून घ्या. क्रिकेटमध्ये धावा होत राहतात आणि विकेट पडली की आपण सरसावून बसतो. इथे आउट होत राहतात आणि बॅटर बेसवर पोचला की लोक सरसावून बसतात. दहापैकी तीनदा हिट मारणारा, म्हणजे फटका मारून बेस गाठणारा, बॅटर इथे नावाजलेला असतो. रेड सॉक्सच्याच टेड विल्यम्सची १९४१ च्या मोसमातली सरासरी .४०६ होती, म्हणजे हजार संधींमागे ४०६ हिट. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल या दोन मुख्य लीगमध्ये कुणालाही पूर्ण मोसमात चारशेचा आकडा गाठता आलेला नाही. एका संघाला नऊ इनिंग मिळतात आणि प्रत्येक इनिंगमध्ये तीन आउट, म्हणजे एकूण २७. षटकं नाहीत, वेळेची मर्यादा नाही. या २७ आउटच्या पुंजीत किती धावा निघतात एवढाच हिशेब. तिसरा आउट झाला की बेसवर उभे असलेले सगळे तसेच परत फिरतात आणि पुढची इनिंग कोऱ्या पाटीवर सुरू होते. म्हणून आउट वाया घालवणारा बॅटर इथल्या प्रेक्षकांना खुपतो आणि काहीही न मारता बेसवर पोचणारा आवडतो.

आता पळण्याबद्दल. बॅटर जिथे उभा असतो त्या होम प्लेटपासून सुरू होणाऱ्या चौकोनात ९०-९० फुटांवर तीन बेस असतात. तिन्हींना पाय लावून होमला परत आलात की एक धाव. होम रन मारली, म्हणजे चेंडू थेट सीमेपलीकडे गेला, तरी मारणारा आणि आधीच बेसवर असलेले, तेवढ्याच धावा मिळतात, म्हणजे जास्तीत जास्त चार. चेंडू समोरच्या काटकोनातच मारायचा, बाकी सगळं फाउल, त्यामुळे लेट कट आणि लेग ग्लान्स विसरा. आणि चेंडू रेषांच्या आत पडला की पळावंच लागतं, ‘नको’ म्हणून थांबता येत नाही. झेल घेतला गेला तर आउट. चेंडू जमिनीवरून गेला आणि पहिल्या बेसवर पाय ठेवून उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाच्या हातात तुमच्याआधी पोचला तरी आउट. नवख्या माणसाला कोडं पडतं ते इथे: कधी नुसता बेसला पाय लावून भागतं, तर कधी धावणाऱ्याच्या अंगाला चेंडू लावावा लागतो, असं का? एका बेसवर एकालाच राहता येतं. मागचा माणूस येतोय म्हणून तुम्हाला बेस सोडावाच लागत असेल, तर चेंडू हातात असलेल्या क्षेत्ररक्षकाने पुढच्या बेसला पाय लावला की तुम्ही आउट होता. आपल्या मर्जीने पळत असाल तर तुमच्या अंगाला चेंडू लावावा लागतो. शाळेत सॉफ्टबॉल खेळला असाल तर हे लगेच आठवेल.

पण सामना बघताना तुमचं लक्ष यावर नको. लक्ष काउंटवर, म्हणजे बॅटरच्या ‘बॉल’ आणि ‘स्ट्राइक’च्या मोजणीवर ठेवा. ‘काही घडत नाही’ असं वाटतं त्या वेळात जे घडत असतं ते सगळं काउंटमध्ये असतं.

पिचर ६० फूट ६ इंचांवरून टाकतो, म्हणजे अंतर आपल्या खेळपट्टीपेक्षा थोडं कमीच. टप्पा पडत नाही, त्यामुळे चेंडूची सगळी करामत हवेत. ताशी १५० किलोमीटरच्या पुढचा फास्टबॉल प्लेटपर्यंत यायला साधारण ०.४ सेकंद लागतात. प्लेट १७ इंच रुंद असते. तिच्यावरून, छाती आणि गुडघ्याच्या दरम्यान आलेला चेंडू बॅटरने सोडला तर तो स्ट्राइक. बॅट फिरवून हुकला तरी स्ट्राइक. त्या चौकटीबाहेरचा सोडला तर ‘बॉल’. तीन स्ट्राइक झाले की बॅटर आउट, चार बॉल झाले की तो फुकट पहिल्या बेसवर जातो. याला वॉक म्हणतात. फाउल मारला तर तोही स्ट्राइक धरतात, पण दोन स्ट्राइक झाल्यावर नुसत्या फाउलने तिसरा होत नाही. म्हणून कसलेला बॅटर अडचणीत आला की एकामागून एक चेंडू फाउल करत तग धरतो.

एक नमुना घ्या. पहिला चेंडू बाहेरच्या कडेवर फास्टबॉल, बॅटरने सोडला, अंपायरने स्ट्राइक दिला. दुसरा खाली आणि लांब, त्याने पुन्हा सोडला, बॉल. तिसरा त्याने मागे जाळीत फाउल केला. आता काउंट एक-दोन झाला, बॉलचा आकडा नेहमी आधी म्हणतात. इथून पिचरचं पारडं जड. त्याला चांगला चेंडू टाकायची गरजच उरत नाही. अर्ध्या वाटेपर्यंत स्ट्राइकसारखा दिसणारा आणि शेवटी प्लेटखाली बुडणारा स्लायडर तो टाकणार, हे मैदानातल्या सगळ्यांना माहीत असतं, बॅटरलासुद्धा, तरी बॅट फिरते. पण त्याने मन आवरून तो सोडला, पुढचाही सोडला, तर काउंट तीन-दोन होतो आणि आता पिचर अडकतो, कारण आणखी एक बॉल म्हणजे वॉक. दोन आउट झालेले असतील आणि पहिल्या बेसवर कुणी असेल, तर तो चेंडू सुटताच पळत सुटतो. यातल्या एकाही चेंडूवर धाव झालेली नाही आणि सगळं स्टेडियम उभं आहे. हे दिसायला लागलं की तुमचा कंटाळा पळाला म्हणून समजा.

या खेळात लहान गोष्टींचं मोल किती, ते सांगायला बॉस्टनमध्ये एकच रात्र पुरते. रेड सॉक्सने १९१८ मध्ये जेतेपद मिळवलं, त्यानंतर थोड्याच काळात बेब रूथला न्यूयॉर्क यँकीजना विकलं, आणि पुढचं जेतेपद यायला ८६ वर्षं लागली. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत ते यँकीजकडून पहिले तिन्ही सामने हरले होते. १७ ऑक्टोबरला रेड सॉक्सच्या फेनवे पार्कवर चौथा सामना, नववी इनिंग, एका धावेने मागे, आणि समोर यँकीजचा पिचर मारियानो रिव्हेरा. केविन मिलारला वॉक मिळाला. त्याच्या जागी पळायला डेव्ह रॉबर्ट्स आला. तो दुसरा बेस चोरणार, म्हणजे फटक्याची वाट न बघता पिचर चेंडू टाकत असतानाच तिकडे पळणार, हे लपलेलं नव्हतं. रिव्हेराने त्याला पकडायला तीनदा पहिल्या बेसकडे चेंडू फेकला. मग त्याने बॅटरला पहिला चेंडू टाकला आणि रॉबर्ट्स सुटला. कॅचर (विकेटकीपरसारखा प्लेटमागे बसणारा) होर्हे पोसाडाची फेक चांगली होती, दुसऱ्या बेसवर डेरेक जीटरने चेंडू लावलाही, पण रॉबर्ट्सचा हात आधी बेसवर होता. पुढे बिल म्युलरने साधा सिंगल (पहिल्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारला, रॉबर्ट्स होमला आला, बरोबरी झाली आणि सामना जादा इनिंगमध्ये गेला. बाराव्या इनिंगमध्ये डेव्हिड ऑर्टीझने होम रन मारून सामना जिंकला. त्यानंतरचे तिन्ही सामने आणि मग वर्ल्ड सिरीजही रेड सॉक्सने जिंकली. सात सामन्यांची मालिका ०-३ वरून फिरवणारा मेजर लीगमधला, म्हणजे इथल्या सर्वोच्च व्यावसायिक पातळीवरचा, तो आजवरचा एकमेव संघ. बरोबरीच्या त्या धावेत एक वॉक, एक चोरी, एक सिंगल एवढंच होतं. ऑफिसात पंचेचाळिशीच्या कुणालाही ‘ती चोरी’ म्हणालात तरी कळेल.

आता नियम असा आहे की पिचरने एका बॅटरच्या वेळी तिसऱ्यांदा बेसकडे चेंडू फेकला आणि धावपटू आउट झाला नाही, तर त्याला पुढचा बेस फुकट मिळतो. म्हणजे आज रिव्हेराला ती तिसरी फेक परवडली नसती. हा बदल २०२३ चा. त्याच वर्षी पिचरवर घड्याळ लावलं: बेस रिकामे असतील तर १५ सेकंदांत चेंडू टाकायचा, कुणी बेसवर असेल तर आता १८. आधी तीन तासांच्या वर जाणारे सामने त्यामुळे दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास आले. मला हा बदल मनापासून पटला. तुम्ही योग्य वेळी आला आहात.

रचना सोपी आहे. मेजर लीगमध्ये ३० संघ, पैकी टोरांटोचा एक कॅनडातला. नॅशनल लीग १८७६ ची, अमेरिकन लीग १९०१ पासूनची, दोन्हींत प्रत्येकी १५ संघ आणि पाच-पाचचे तीन गट. दोन लीगमधली विभागणी इतिहासातून आली आहे, भूगोलातून नाही, म्हणून न्यूयॉर्क आणि शिकागो या शहरांचे संघ दोन्हीकडे आहेत. रेड सॉक्सच्या गटात यँकीज, टोरांटो, टॅम्पा बे आणि बाल्टिमोर. मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. मग प्रत्येक लीगमधले सहा, म्हणजे तीन गटविजेते आणि उरलेल्यांतले सर्वांत चांगले तीन, ऑक्टोबरमध्ये बाद फेरीला. शेवटी दोन्ही लीगचे विजेते सात सामन्यांच्या वर्ल्ड सिरीजमध्ये भिडतात.

१६२ या आकड्याशी जरा सवय करून घ्या, कारण व्यावसायिक बेसबॉलचा स्वभाव त्यातच आहे. सामना जवळजवळ रोज असतो. सिअ‍ॅटलने २००१ मध्ये ११६ सामने जिंकले, विक्रमाची बरोबरी केली, तरी ४६ हरले. शिकागो व्हाइट सॉक्स २०२४ मध्ये १२१ हरले, तरी ४१ जिंकलेच. त्यामुळे कालच्या पराभवाचं सुतक इथे कुणी पाळत नाही. सहकारी सकाळी बोलतात ते निकालाबद्दल कमी आणि कुणाचा खांदा दुखतोय, कोणाला वर बोलावलंय, याबद्दल जास्त.

‘वर बोलावणं’ म्हणजे मायनर लीगमधून. मेजर लीगच्या प्रत्येक संघाच्या हाताखाली चार पायऱ्यांवरचे संघ असतात आणि बहुतेक खेळाडू त्या चढत येतात. रेड सॉक्सचा सर्वांत वरच्या पायरीवरचा संघ वूस्टरला पोलर पार्कमध्ये खेळतो. बॉस्टनहून लोकल ट्रेनने जाता येतं, तिकीट फेनवेपेक्षा बरंच स्वस्त, आणि पुढच्या वर्षीचे चेहरे जवळून दिसतात. सुरुवात तिथे केलीत तरी चालेल. दुसरी गोष्ट म्हणजे अदलाबदल. साधारण जुलैअखेरपर्यंत संघ एकमेकांशी खेळाडूंचे व्यवहार करतात, आणि नव्या खेळाडूला बहुतेक वेळा त्यात विचारतही नाहीत. रॉबर्ट्सही ३१ जुलै २००४ ला असाच लॉस एंजेलिसहून बॉस्टनला आला होता आणि मोसम संपताच सॅन डिएगोला गेला. पुढे लॉस एंजेलिसच्याच डॉजर्स संघाचा मॅनेजर म्हणून त्याने २०२०, २०२४ आणि २०२५ ची वर्ल्ड सिरीज जिंकली, तरी बॉस्टन त्याला अजून आपलाच मानतं.

फेनवेला मात्र जाच. १९१२ चं मैदान आहे. बेसमधलं अंतर सगळीकडे सारखं, पण सीमारेषा प्रत्येक मैदानाची वेगळी, आणि इथे डावीकडे ३७ फूट उंच हिरवी भिंत आहे, तीही होम प्लेटपासून जेमतेम ३१० फुटांवर. दुसरीकडे झेल झाला असता असा उंच फटका इथे भिंतीवर आदळून खाली येतो आणि बॅटर दुसऱ्या बेसवर उभा असतो. उलट सणसणीत सपाट फटका, जो दुसरीकडे होम रन झाला असता, तो भिंत अडवते. तिकीट काढताना जुन्या ग्रँडस्टँडमधल्या जागांची नीट चौकशी करा, काही जागांसमोर खांब येतात. होम प्लेटच्या मागे, वरच्या बाजूला बसलात तर पिचरने टाकलेला चेंडू कसा वळतो आणि क्षेत्ररक्षक कसे हलतात, दोन्ही दिसतं. एप्रिलच्या रात्री जाड जाकीट हवंच. प्रेक्षकांत आलेला चेंडू परत द्यायचा नसतो, तो तुमचा.

सोबत स्कोअरकार्ड आणि पेन्सिल ठेवा, ही माझी आग्रहाची विनंती. प्रत्येक क्षेत्ररक्षकाला ठरलेला आकडा असतो: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) ६, आणि बाहेरचे तिघे डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसकडे दिला, तिथून तो पहिल्याकडे गेला आणि दोघे आउट झाले, की लिहायचं ६-४-३. स्ट्राइक-आउटला ‘के’ लिहितात, आणि बॅट न फिरवता आउट झाला तर तेच अक्षर उलटं काढतात. तीन इनिंग लिहून काढल्यात की कोण कुठे उभं राहतं आणि का, हे पाठ करावं लागणार नाही.

आणि तिकीट काढण्याआधी त्या दिवशी दोन्हीकडून कोण पिच करणार आहे ते बघा, आधीच जाहीर झालेलं असतं. सुरुवातीचा पिचर साधारण पाच-सहा दिवसांतून एकदाच खेळतो, त्यामुळे तोच संघ मंगळवारी वेगळा आणि बुधवारी वेगळा दिसतो. ऑफिसातही बोलणं सुरू करायला ‘काल जिंकलो का?’ यापेक्षा ‘आज कोण पिच करतंय?’ हा प्रश्न चांगला, समोरचा दहा मिनिटं बोलायचा थांबणार नाही. काही अडलं तर खाली लिहा, सवडीने सांगेन.